आठ मिनिटे, २६ स्लाइड आणि चालणारे अ‍ॅप: काय ठेवायचे, काय काढायचे

तुमचा प्रश्न मला असा समजला. चौघांची टीम आहे, अंतिम फेरी दहा दिवसांवर आली आहे, ८ मिनिटे सादरीकरणाला आणि ४ मिनिटे प्रश्नोत्तरांना मिळणार आहेत. प्रकल्प म्हणजे खरेदीच्या पावतीचा मोबाइलवर फोटो काढला की तारीख, रक्कम आणि दुकानाचे नाव वाचून खर्चाची नोंद करणारे वेब अ‍ॅप. अ‍ॅप चालते, पण स्लाइड २६ झाल्या आहेत. त्यातल्या कोणत्या काढायच्या, डेमो लाइव्ह दाखवायचा की व्हिडिओ लावायचा, आणि चौघांनीही बोलायचे का, हे तुम्ही विचारले आहे.

स्लाइड जास्त झाल्या ही मुळातली अडचण नाही. २६ स्लाइड होतात तेव्हा टीमने बहुधा स्वतःच्या कामाची हकीगत सांगायला घेतलेली असते: विषय कसा सुचला, कोणती तंत्रे पडताळून पाहिली, डेटाबेस मध्येच का बदलला, लॉगिन कसे बांधले. परीक्षकांसमोर त्या दिवशी एकामागून एक टीम येत असतात. तुमची वेळ संपल्यावर गुणपत्रिका भरताना त्यांना दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: यांनी जे जमले म्हणून सांगितले ते खरेच जमले आहे का, आणि ते जमण्याने कोणाचे काही अडलेले सुटते का. त्यामुळे आधी स्लाइड कापायला बसू नका. आधी एक वाक्य लिहा. मी त्याला दावा म्हणतो.

तुमच्या बाबतीत तो काहीसा असा होईल: ‘रोज पाच-दहा पावत्या हाताने नोंदवणाऱ्या माणसाचा वेळ हे अ‍ॅप निम्म्यावर आणते आणि रक्कम चुकली तर ती नोंद होण्याआधी दाखवून देते.’ यात कोणासाठी, काय आणि किती, हे तिन्ही आले. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित स्मार्ट खर्च व्यवस्थापन प्रणाली’ हा दावा नव्हे. तो खरा की खोटा हे तपासताच येत नाही. दावा पक्का झाला की प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारा: ही काढली तर दाव्यावरचा विश्वास कमी होतो का? होत नसेल तर ती काढा. या चाळणीतून २६ पैकी आठ-नऊ स्लाइड उरतील. आठ मिनिटांना तेवढ्या पुरतात.

अर्थात यातले बरेच काही स्पर्धेवर अवलंबून आहे. मूल्यमापनाचे निकष जाहीर झाले असतील तर ते समोर ठेवून वेळेची वाटणी करा. तांत्रिक कामाला निम्मे गुण असतील आणि तुम्ही त्यावर एक मिनिट बोलणार असाल तर गणित चुकले. विद्यार्थी प्रकल्पांच्या स्पर्धेत ‘तुम्ही स्वतः काय बांधले’ याला वजन असते. दीड-दोन दिवसांच्या हॅकेथॉनमध्ये ‘एवढ्या वेळात काय चालते झाले’ हे पाहतात. आणि उत्पादन म्हणून स्पर्धा असेल तर ‘हे कोण वापरेल आणि चालवायला खर्च किती’ हा प्रश्न पहिल्यांदा येतो. परीक्षक शेतीतले, आरोग्यातले किंवा व्यवस्थापनातले असतील तर रचनेची आकृती तीच ठेवा, बोलणे बदला. निकष जाहीर नसतील तर आयोजकांना सरळ विचारा. हा प्रश्न विचारण्यात काहीच गैर नाही, आणि सहसा उत्तरही मिळते.

आता वेळ. ८ मिनिटे म्हणजे ४८० सेकंद, पण तयारी ७ मिनिटे १५ सेकंदांची करा. उरलेली ४५ सेकंदे माइक हातात येणे, स्लाइड उशिरा उमटणे, फोन अनलॉक होणे यांत जातात. मी अशी वाटणी करेन: पहिली ४५ सेकंदे समस्या आणि दावा, मग अडीच मिनिटे डेमो, पावणेदोन मिनिटे आतली रचना, दीड मिनिट मोजमाप, आणि शेवटची ४५ सेकंदे मर्यादा व पुढचे काम. डेमो इतका लवकर आलेला पाहून काहींना खटकते. आधी पार्श्वभूमी, मग उद्दिष्टे, मग आधीच्या कामाचा आढावा, अशी प्रबंधाची सवय आपल्याला लागलेली असते. पण परीक्षकांनी वस्तू चालताना पाहिली नसेल तोवर रचनेची आकृती त्यांच्या डोक्यात कुठेच बसत नाही. एकदा पावतीची नोंद होताना दिसली की ‘हे आत कसे झाले?’ हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडतो, आणि तुमची आकृती त्याचे उत्तर ठरते.

बोलायचा मजकूर लिहून काढा. मराठीत स्पष्ट, न धावता बोलले तर मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. डेमोमध्ये मध्ये मध्ये थांबावे लागते, त्यामुळे एकूण मजकूर साडेसहाशे शब्दांच्या आसपास राहायला हवा. तुमचा स्वतःचा वेग तपासायचा असेल तर ३०० शब्दांचा उतारा मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मनात वाचून काढलेली वेळ नेहमी कमी भरते. लिहिलेला मजकूर पाठ करायचा नाही. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक, एवढीच पाठ असावीत. मधल्या भागाचे मुद्दे लक्षात असले की पुरे. पाठ केलेला मजकूर मध्येच तुटला की माणूस पुन्हा सुरुवातीकडे धावतो आणि तिथेच अर्धे मिनिट जाते.

लाइव्ह डेमो की व्हिडिओ? माझे मत स्पष्ट आहे: डेमो लाइव्हच करा, आणि व्हिडिओ खिशात ठेवा. अ‍ॅप चालते हा तुमच्या दाव्याचा पहिला पुरावा आहे, आणि नुसता व्हिडिओ दाखवला की ‘लाइव्ह का नाही?’ ही शंका उरते. पण लाइव्ह म्हणजे जे होईल ते होवो, असे नव्हे. डेमोची प्रत्येक पायरी आधी ठरलेली असते, त्यातला प्रत्येक डेटा आधी भरलेला असतो आणि प्रत्येक ठिकाणी काय बिघडू शकते हे माहीत असते. तुमच्या अ‍ॅपमध्ये बिघडण्याच्या जागा बऱ्याच आहेत, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

पहिली जागा कॅमेऱ्याची. ब्राउझर वेब पानाला कॅमेरा वापरू देतो तो फक्त सुरक्षित जोडणीवर, म्हणजे एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर (उपकरणाच्या स्वतःच्याच पत्त्यावर). घरी लॅपटॉपवर लोकलहोस्टने सगळे नीट चालते. मग स्पर्धेच्या ठिकाणी कोणी तरी सुचवते की फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता टाका. पत्ता साध्या एचटीटीपीचा असतो, पान उघडते, पण कॅमेरा काही उघडत नाही. कारण न कळल्यामुळे लोक परवानग्या उलटसुलट करत बसतात. यावर दोन मार्ग आहेत. एक, अ‍ॅप एचटीटीपीएस असलेल्या होस्टिंगवर चढवून ठेवणे. दोन, अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडून, यूएसबी डीबगिंग सुरू करून, एडीबी या अँड्रॉइडच्या डेव्हलपर साधनाच्या रिव्हर्स आज्ञेने फोनचे पोर्ट लॅपटॉपच्या पोर्टकडे वळवणे. मग फोनवरही पत्ता लोकलहोस्टच राहतो आणि कॅमेरा चालतो. या दुसऱ्या मार्गाला इंटरनेट लागत नाही, म्हणून तो तयार असलाच पाहिजे. अट एकच: अक्षर वाचणारा भागही लॅपटॉपवर चालत असावा. तो बाहेरच्या एपीआयवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या सेवेवर, असेल तर नेट गेले की सगळे थांबले.

दुसरी जागा सभागृहाच्या वायफायची. अनेक सार्वजनिक वायफायवर एका नेटवर्कवरची दोन उपकरणे एकमेकांशी बोलू शकत नाहीत, तसे मुद्दाम बंद केलेले असते. काही ठिकाणी आधी लॉगिनचे पान येते आणि ठरावीक वेळाने सत्र संपते. त्यामुळे स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट वापरा, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे असलेले दोन फोन ठेवा. ज्या फोनवर डेमो करायचा त्याच फोनचा हॉटस्पॉट नको. एक फोन आला की दोन्ही कामे अडतात.

तिसरी जागा सर्व्हरची. मोफत योजनेवरच्या काही होस्टिंग सेवा काही वेळ वापर नसेल तर तुमचा प्रोग्राम बंद करून ठेवतात, आणि पुढची विनंती आली की पुन्हा सुरू करतात. त्या पहिल्या विनंतीला अर्धा-एक मिनिटही लागू शकतो. डेमोत तेवढा वेळ म्हणजे ‘अ‍ॅप चालत नाही’ असाच अर्थ निघतो. तुमची पाळी यायच्या पाच मिनिटे आधी टीममधल्या एकाने अ‍ॅप उघडून एक पावती पूर्ण वाचून घ्यावी, म्हणजे सर्व्हरही जागा होतो आणि अक्षरे वाचणारे मॉडेलही मेमरीत येते. एपीआयला दिवसाची किंवा मिनिटाची मर्यादा असेल तर सकाळपासून सराव करताना ती संपवू नका. सरावासाठी वेगळी एपीआय की (ती सेवा वापरायची गुप्त किल्ली) ठेवा.

चौथी जागा पावतीची. थर्मल कागदावरची छपाई उष्णतेने आणि काळाने फिकी होते, चकचकीत कागदावर छताचा दिवा उमटतो, घडीतून आकडा तुटतो. डेमोसाठी तीन पावत्या निवडा आणि त्याच वापरा. एक स्वच्छ पावती. एक थोडी चुरगळलेली, पण अ‍ॅपला वाचता येणारी. आणि एक मुद्दाम अशी, जिची रक्कम अ‍ॅपला नीट वाचता येत नाही आणि ते ‘खात्री नाही, तपासा’ असे दाखवते. ही तिसरी पावती फार मोलाची आहे. सगळे बरोबर चालताना दाखवणारे डेमो परीक्षकांनी पुष्कळ पाहिलेले असतात. चुकल्यावर सॉफ्टवेअर कसे वागते हे दाखवणारी टीम क्वचित भेटते. तुमच्या दाव्याचा दुसरा अर्धा भागही तोच आहे. पावत्या पुठ्ठ्यावर चिकटवून न्या, म्हणजे हात थरथरला तरी पावती हलत नाही. अशी तीनही उदाहरणे आधी काढलेल्या फोटोंच्या रूपात फोनच्या गॅलरीतही ठेवा. कॅमेऱ्याने दगा दिला तर ‘गॅलरीतून निवडा’ हा रस्ता राहतो. अ‍ॅपमध्ये ती सोय नसेल तर दहा दिवसांत जोडण्यासारखी ही एकच नवी गोष्ट आहे.

फोनचा पडदा मोठ्या पडद्यावर दाखवायला वायरलेस मार्ग टाळा, केबल वापरा. अँड्रॉइडसाठी केबलने लॅपटॉपवर पडदा दाखवणारी मुक्त स्रोत साधने आहेत. आयफोन आणि मॅक असेल तर क्विकटाइममध्ये केबलने फोनचा पडदा दिसतो. फोनवर ‘व्यत्यय नको’ सुरू, ब्राइटनेस पूर्ण, पडदा आपोआप बंद होण्याची वेळ जास्तीत जास्त, अक्षराचा आकार एक पायरी मोठा. लॉगिन आधीच केलेले असावे. ओटीपी येण्याची वाट पाहत व्यासपीठावर उभे राहणे टाळता येते, मग टाळाच. डेमोच्या खात्यात आधीच्या महिन्याच्या वीस-पंचवीस नोंदी भरून ठेवा, नाहीतर खर्चाचा आलेख एका ठिपक्याचा दिसतो. हा डेटा एका छोट्या स्क्रिप्टने भरता आणि पूर्ववत करता आला पाहिजे, म्हणजे प्रत्येक तालमीनंतर अ‍ॅप त्याच स्थितीत येईल. खऱ्या माणसांची नावे, फोन क्रमांक, कार्डाचे आकडे त्यात नकोत. पावत्यांवर असतील तर झाका.

राखीव व्हिडिओ ६० ते ९० सेकंदांचा, आवाजाशिवाय, १०८० पिक्सेल उंचीचा, एमपी४ फाइल म्हणून लॅपटॉपवर ठेवा. स्लाइडमध्ये ऑनलाइन व्हिडिओची लिंक देऊ नका. व्हिडिओ लागतो तो नेट गेल्यावरच, आणि तेव्हा लिंक उघडत नाही. त्यात तीच पावती, त्याच क्रमाने दाखवा, म्हणजे बोलणाऱ्याचे वाक्य बदलत नाही. एक नियम सर्वांनी मान्य करून ठेवा: डेमो अडला तर दुरुस्तीचा एकच प्रयत्न, आणि १५ सेकंदांत व्हिडिओ. बोलणाऱ्याने फक्त ‘जोडणी तुटली आहे, हेच काम रेकॉर्डिंगमध्ये दाखवतो’ एवढे म्हणायचे. माफी, कारणे, ‘घरी चालत होते’ यातले काही नको.

आता रचनेची आकृती. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे तीन आकृत्या आहेत: सर्वसाधारण रचना, डेटाबेसच्या तक्त्यांची आणि क्लासची (कोडच्या घटकांची). शेवटच्या दोन मुख्य सादरीकरणातून काढा. उरलेल्या आकृतीत पाच-सहा चौकोन ठेवा: फोन, सर्व्हर, प्रतिमा साफ करणारा भाग, अक्षरे वाचणारा भाग, रक्कम-तारीख ओळखणारा भाग, डेटाबेस. बाणांना क्रमांक द्या आणि बोलताना एकाच पावतीचा प्रवास सांगा: १, फोटो आला, २, तिरकेपणा काढला, ३, अक्षरे वाचली, ४, त्यातली ‘एकूण’ची रक्कम कोणती हे ठरवले. साधनांच्या लोगोंनी भरलेली स्लाइड नको. कोणती भाषा आणि कोणते फ्रेमवर्क वापरले हे चौकोनाखाली बारीक लिहिले तरी चालते. सांगण्यासारखे काही असेल तर ते एखाद्या निर्णयात असते. उदाहरणार्थ, पावतीवर कर, सूट, उपबेरीज असे अनेक आकडे असताना एकूण रक्कम कोणती हे कसे ओळखता? सगळ्यात मोठा आकडा घेतला तर रोख दिलेली रक्कम उचलली जाते, शेवटचा घेतला तर परत दिलेले सुटे पैसे. हा खरा प्रश्न आहे, तो तुम्ही सोडवला आहे, आणि पावणेदोन मिनिटांतले एक मिनिट त्याला द्या.

त्याच स्लाइडवर एक बाब रंगाने दाखवा: कोणता चौकोन तुम्ही लिहिला आणि कोणता तयार घेतला. अक्षर वाचणारे इंजिन तयार असेल तर तसे सांगा. लपवलेले बाहेर आले तर बाकी सगळ्यावरचा विश्वास जातो, आणि उघडपणे सांगितलेले कोणी विरोधात धरत नाही. कोड लिहिताना एआय साधनांची मदत घेतली असेल तर स्पर्धेचे नियम त्याबद्दल काय सांगतात ते पाहा आणि त्याप्रमाणे नोंदवा. नियम काहीही असोत, कोडच्या भांडारातला (रिपॉझिटरीतला) कोणताही भाग उघडला तरी चौघांपैकी कोणाला तरी तो ओळीओळीने समजावता आलाच पाहिजे.

तुमच्या स्लाइडवर ‘९४ टक्के अचूकता’ असे लिहिल्याचे तुम्ही सांगितले. मला सगळ्यात जास्त काळजी या आकड्याची वाटते. हा आकडा कशाचा? सुट्या अक्षरांचा असेल तर तो वापरणाऱ्याला फार काही सांगत नाही. १०० पैकी ९४ अक्षरे बरोबर येत असतील आणि चुका एकमेकांपासून स्वतंत्र मानल्या, तर चार अंकी रक्कम पूर्ण बरोबर येण्याची शक्यता ०.९४ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ७८ टक्के होते. पाच अंकी रक्कम घेतली तर ७३ टक्के. म्हणजे साधारण दर चौथी नोंद चुकते. जाणकार परीक्षक हे गणित जागच्या जागी करतात. म्हणून अचूकता रकान्यागणिक मोजा, म्हणजे तारीख, रक्कम आणि दुकानाचे नाव या प्रत्येक रकान्यासाठी वेगळी: किती पावत्यांत ते मूल्य पूर्णपणे बरोबर आले.

मोजणी अशी करा. १०० पावत्या गोळा करा. त्या मॉडेल शिकवताना किंवा नियम जुळवताना वापरलेल्या नसाव्यात, किमान तीन वेगवेगळ्या फोनांनी आणि वेगवेगळ्या उजेडात काढलेल्या असाव्यात, आणि एकाच दुकानाच्या पावत्यांचा त्यात भरणा नसावा. एकाच दुकानाच्या काही पावत्या शिकवण्यात आणि काही चाचणीत गेल्या तर साचा ओळखीचा होतो आणि आकडा फुगतो. खरी मूल्ये दोघांनी स्वतंत्रपणे हाताने भरा आणि जुळवा. मग अ‍ॅप चालवा आणि चुकांची कारणेही लिहा: फिकी छपाई किती, चुरगळ किती, हस्ताक्षर किती, चुकीचा आकडा उचलला असे किती. समजा रक्कम १०० पैकी ८६ वेळा बरोबर आली. एवढ्या लहान नमुन्यात ९५ टक्के विश्वासपातळीवर हा आकडा दोन्ही बाजूंना साधारण सात टक्क्यांनी हलू शकतो, त्यामुळे दशांश चिन्हानंतरचे अंक लिहू नका. ‘१०० पैकी ८६’ असेच लिहा. ते ९४ टक्क्यांपेक्षा कमी असले तरी तपासता येते, आणि ‘उरलेल्या १४ पैकी किती वेळा अ‍ॅपने स्वतःच खात्री नसल्याचे सांगितले’ हा पुढचा आकडा जोडला की तुमचा दावा उभा राहतो.

वेळ निम्म्यावर येतो हेही मोजून दाखवा. आठ-दहा जण घ्या, प्रत्येकाला पाच पावत्या हाताने आणि वेगळ्या पाच अ‍ॅपने नोंदवायला सांगा. निम्म्या लोकांना आधी हाताने आणि निम्म्यांना आधी अ‍ॅपने, नाहीतर सरावाचा फायदा एकाच बाजूला जातो. अ‍ॅपच्या वेळेत चूक सुधारण्याचा वेळ धरा. सरासरीऐवजी मध्यक द्या, कारण एखादाच गोंधळलेला माणूस सरासरी ओढून नेतो. निकाल निम्मा आला नाही, तर दाव्याचे वाक्य बदला. आकडा बदलू नका. हे मोजमाप स्लाइड बनवायच्या आधी करायचे आहे, कारण त्याच्यावर दावा आणि दाव्यावर बाकी सगळे अवलंबून आहे.

स्लाइडच्या बाह्यरूपाबद्दल फार लिहीत नाही. शीर्षक पूर्ण वाक्याचे ठेवा: ‘निकाल’ असे न लिहिता ‘रक्कम १०० पैकी ८६ पावत्यांत बरोबर वाचली’. अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको. लॅपटॉपपासून दोन मीटर मागे उभे राहून स्लाइड वाचून पाहा. १४ इंची लॅपटॉप तिथून दिसतो तेवढाच दोन मीटर रुंदीचा पडदा साधारण तेरा मीटरवरून दिसतो. गडद पार्श्वभूमी टाळा, कारण प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही, तो फक्त तिथे प्रकाश टाकत नाही. खोलीत दिवे चालू असले की काळ्याचा करडा होतो आणि फिकी अक्षरे त्यात हरवतात. कोड दाखवायचाच असेल तर दहा ओळींच्या आत. आणि देवनागरी मजकूर असेल तर पीडीएफ प्रत हवीच: दुसऱ्याच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला की ओळी भलतीकडे तुटतात. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बसवलेला असतो.

चौघांनी बोलायचे का? नियमात तशी अट नसेल तर नको. दोघांनी बोलावे, तिसऱ्याने फक्त फोन आणि लॅपटॉप चालवावा, चौथ्याने घड्याळ, राखीव व्हिडिओ आणि प्रश्नांची टिपणे सांभाळावीत. दर वेळी बोलणारा बदलला की दहा-पंधरा सेकंदे जातात आणि ऐकणाऱ्यांची तार तुटते. जो फोन चालवतो त्यानेच बोलू नये; बोट एका बटणावर आणि वाक्य दुसऱ्यावर, असे होते. चौघांनी बोलणे सक्तीचे असेल तर तुकडे नैसर्गिक सांध्यावर पाडा आणि ‘आता मी माझ्या सहकाऱ्याला विनंती करतो’ हे वाक्य गाळा. पुढच्याने सरळ आपले पहिले वाक्य सुरू करावे.

४ मिनिटांत चार-पाच प्रश्न होतात. एक उत्तर ३० सेकंदांत संपवा: आधी थेट उत्तर, मग कारण. कोणत्या विषयावर कोण बोलणार हे आधीच वाटून घ्या आणि एकाने उत्तर दिल्यावर दुसऱ्याने त्यात भर घालू नका, नाहीतर पहिले उत्तर अपुरे होते असे वाटते. तुमच्या प्रकल्पावर येऊ शकणारे प्रश्न असे: असे काम करणारी अ‍ॅप्स आधीच असताना हे कशाला? पावतीचा फोटो कुठे साठवता आणि कधी पुसता? अ‍ॅपने चुकीची रक्कम खात्रीने वाचली तर? हजार जण एकाच वेळी फोटो पाठवू लागले तर आधी कुठे अडेल? एक पावती वाचायला खर्च किती? पासवर्ड कसे साठवले आहेत? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ यांसारखी पासवर्डसाठीची हॅश पद्धत असे हवे. एमडी५ ही जुनी, सहज तुटणारी पद्धत असेल तर आजच बदला. ज्या दोन आकृत्या काढल्या त्या, चुकांचा तक्ता आणि खर्चाचे गणित शेवटच्या स्लाइडनंतर राखीव ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण सुरू असताना स्लाइडचा क्रमांक टाकून एंटर दाबले की थेट तिथे जाता येते, म्हणून राखीव स्लाइडचे क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा. उत्तर माहीत नसेल तर ‘हे आम्ही मोजलेले नाही, मोजायचे झाले तर असे मोजू’ हे पुरेसे उत्तर आहे.

दहा दिवसांची मांडणी मी अशी करेन. पहिले चार दिवस मोजमाप आणि गॅलरीची सोय. पाचव्या-सहाव्या दिवशी मजकूर आणि स्लाइड. सातव्या दिवशी प्रकल्प अजिबात माहीत नसलेल्या व्यक्तीसमोर पहिली तालीम. तिला नंतर एवढेच विचारा की हे कोणासाठी आहे, काय करते आणि ते चालते हे कशावरून. तिन्हींची उत्तरे आली नाहीत तर स्लाइडची सजावट सोडून मजकुराकडे परत जा. आठव्या दिवशी कोड गोठवा: गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) या आवृत्तीला टॅग लावा, लायब्ररींच्या आवृत्त्या लॉक फाइलमध्ये पक्क्या करा, लॅपटॉपचे आणि फोनचे अपडेट थांबवा. ‘एवढेच एक बटण’ म्हणून शेवटच्या रात्री केलेला बदल डेमो पाडतो, कारण त्यानंतर सगळ्या पायऱ्या कोणी पुन्हा तपासत नाही. नवव्या दिवशी रंगीत तालीम, त्याच लॅपटॉपवर, त्याच फोनवर, उभे राहून. त्यात एकदा कोणाला तरी न सांगता मध्येच नेट बंद करायला लावा आणि व्हिडिओवर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. तालमीत घड्याळाचे टप्पेही ठरवा: डेमो संपताना ३:१५ व्हायला हवे, चार मिनिटे झाली असतील तर रचनेतली दुसरी स्लाइड वगळायची, हे बोलणाऱ्याला आधीच माहीत असावे. दहावा दिवस मोकळा ठेवा.

सोबत न्यायचे सामान: एचडीएमआयचा आणि टाइप-सीचा अ‍ॅडॉप्टर, दोन डेटा केबल (काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, तपासून घ्या), चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, पेन ड्राइव्हवर पीडीएफ आणि व्हिडिओ, तीन पावत्या. लवकर पोहोचून प्रोजेक्टरला जोडून पाहा. जुन्या प्रोजेक्टरचे प्रमाण ४:३ असू शकते आणि १६:९ ची स्लाइड त्यावर वरखाली काळ्या पट्ट्यांसह लहान दिसते.

कोडच्या भांडाराची लिंक आधी द्यावी लागत असेल तर दोन गोष्टी आजच पाहा. रीडमी (README) फाइलमधल्या पायऱ्यांनी कोऱ्या संगणकावर अ‍ॅप खरेच सुरू होते का, ते टीमबाहेरच्या कोणाकडून तपासून घ्या. आणि एपीआय की कधी काळी कमिट झाली, म्हणजे भांडारात नोंदली गेली, असेल तर नुसती फाइल पुसून भागत नाही, ती इतिहासात राहते. ती की रद्द करून नवी काढा, आणि मग सगळा डेमो नव्या कीवर एकदा चालवून पाहा. होस्ट केलेले अ‍ॅप आणि टॅग लावलेली आवृत्ती निकाल लागेपर्यंत तशीच चालू ठेवा, कारण काही परीक्षक गुण नक्की करण्याआधी लिंक पुन्हा उघडतात.